दमट हवेत स्केल मॉडेल मोटारींचे स्प्रे पेंटिंग : कोल्हापूरच्या हवामानात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१/२४ प्रमाणातील प्लॅस्टिक किट आणि १/४३ किंवा १/६४ प्रमाणातील धातूच्या छोट्या मोटारी घरच्या घरी रंगवणाऱ्यांसाठी ही उत्तरे लिहिली आहेत. कोल्हापूर घाटमाथ्याच्या अगदी जवळ असल्यामुळे कोरड्या प्रदेशातील छंदकरांना उपयोगी पडणाऱ्या अनेक सूचना येथे जून ते सप्टेंबर या काळात लागू पडत नाहीत, आणि येथील पावसाळ्याचा विचार करून लिहिलेल्या सूचना सहसा वाचायला मिळत नाहीत.

मृग लागल्यापासून परतीचा पाऊस संपेपर्यंत स्प्रे पेंटिंग बंदच ठेवावे का?

बंद ठेवण्याची गरज नाही. मात्र कोणते काम कोणत्या दिवशी करायचे हे ठरवावे लागते. किटचे भाग कापून साफ करणे, जोडरेषा घासणे, लांबी (पुट्टी) भरणे, सीट, डॅशबोर्ड आणि इंजिनाचे भाग ब्रशने रंगवणे ही कामे भर जुलैतही निर्धास्तपणे होतात. प्रायमर थोडी काळजी घेऊन देता येतो. दमट हवा खऱ्या अर्थाने आडवी येते ती बॉडीवरच्या चकचकीत लॅकर रंगाला आणि त्यावरच्या क्लिअर कोटला, म्हणजे रंगहीन चकचकीत थराला. पावसाळ्यातील बरीचशी निराशा ही हे दोन टप्पे घाईने उरकल्यामुळे पदरी येते, त्यामुळे पुढील उत्तरांचा मोठा भाग या दोन टप्प्यांविषयीच आहे.

स्प्रे केल्यावर मिनिटाभरात रंग पांढरट का पडतो?

या दोषाला ब्लशिंग म्हणतात. लॅकर रंगातील द्रावक वेगाने उडून जातो आणि उडताना पृष्ठभागातील उष्णता सोबत नेतो. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने ओल्या रंगाचा थरही भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी गार होतो. ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते त्याला दवबिंदू म्हणतात. थराचे तापमान दवबिंदूच्या खाली उतरले की हवेतील बाष्प त्या ओल्या रंगावरच दव होऊन बसते. हे पाणी रंगात मिसळत नाही. ते रेझिनला, म्हणजे रंगाचा थर बांधून ठेवणाऱ्या घटकाला, द्रावणातून बाहेर ढकलते, आणि नंतर पाणी उडून गेले तरी थरात अतिसूक्ष्म पोकळ्या शिल्लक राहतात. त्या पोकळ्यांवर प्रकाश विखुरतो म्हणून रंग दुधी दिसतो. रंगद्रव्य बिघडलेले नसते, आणि म्हणूनच हा दोष बहुतेक वेळा दुरुस्त करता येतो.

काळ्या, गडद निळ्या आणि मरून रंगांवर हा प्रकार फार स्पष्ट दिसतो. बॉनेटवर नुकताच ओला हात बसलेला असतो आणि त्यात छतावरच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब धारदार रेघेसारखे उमटलेले असते. मग बॉनेटच्या कडेपासून आणि चाकांच्या कमानींवरून एक राखाडी पडदा आत सरकू लागतो, प्रतिबिंबाच्या कडा आधी पुसट होतात आणि पाहता पाहता प्रतिबिंबच नाहीसे होते. पांढऱ्या रंगावर पांढरटपणा दिसत नाही, म्हणून तेथे ब्लशिंग झालेच नाही असा समज होतो; प्रत्यक्षात चकाकी मेलेली असते आणि ती नंतर पॉलिश करताना लक्षात येते. चंदेरी व इतर मेटॅलिक रंग असेच निस्तेज पडतात.

पाऊस थांबून छान ऊन पडले की लगेच स्प्रे करावे का?

पावसाळ्यातील उघडीप फसवी असते. ऊन पडले की ओली जमीन, कौले, अंगण, भोवतालची भात आणि उसाची शेते यांतून पाणी वेगाने उडू लागते आणि हवेतील बाष्पाचे प्रमाण कमी होण्याऐवजी वाढूही शकते. तापमान वाढल्यामुळे आर्द्रतेचा टक्का खाली आलेला दिसतो, परंतु दवबिंदू होता तेथेच असतो किंवा थोडा वर सरकलेला असतो. दरम्यान घरातील भिंती, टेबल आणि टेबलावर ठेवलेली मॉडेलची बॉडी रात्रभराच्या गारव्यातून अजून बाहेर आलेली नसते. समजा बॉडीचे तापमान २४ अंश सेल्सिअस आहे आणि बाहेरच्या हवेचा दवबिंदू २३ अंश आहे. अशा वेळी ऊन पडले म्हणून खिडक्या उघडल्या, तर रंगाचा पहिला ओला हात बसताक्षणी दव धरणार हे जवळजवळ निश्चित असते.

आकाशाकडे किंवा नुसत्या आर्द्रतेच्या टक्क्याकडे पाहून निर्णय घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. बॉडीचे तापमान दवबिंदूपेक्षा किती अंशांनी जास्त आहे, हा एकच आकडा कामाचा आहे. हा फरक पुरेसा असेल तर बाहेर मुसळधार पाऊस पडत असतानाही उत्तम चकाकी मिळते, आणि तो नसेल तर लख्ख उन्हातही रंग पांढरा पडतो.

दवबिंदू घरच्या घरी कसा काढावा?

तापमान आणि सापेक्ष आर्द्रता दाखवणारा साधा डिजिटल हायग्रोमीटर पुरतो. आर्द्रता ५० टक्क्यांहून अधिक असेल तेव्हा एक सोपा हिशेब चालतो : शंभरातून आर्द्रतेचा टक्का वजा करावा, उरलेल्या आकड्याला पाचाने भागावे आणि आलेले उत्तर तापमानातून वजा करावे. तापमान २६ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर १५ भागिले ५ म्हणजे ३, आणि दवबिंदू सुमारे २३ अंश येतो. कोरड्या हवेत हा हिशेब चुकतो, पण कोरड्या हवेत आपल्याला त्याची गरजही पडत नाही.

स्वस्त हायग्रोमीटर बऱ्याचदा पाच-सात टक्क्यांनी चुकीचे वाचतात, म्हणून उपकरण घेतल्यावर ते तपासून घ्यावे. बाटलीच्या झाकणात स्वयंपाकाचे मीठ घेऊन ते विरघळणार नाही, फक्त चिखलासारखे ओलसर होईल इतकेच पाणी त्यात घालावे, आणि हे झाकण हायग्रोमीटरसह हवाबंद पिशवीत किंवा डब्यात रात्रभर ठेवावे. संतृप्त मिठाच्या पाण्यावरील बंद हवेची आर्द्रता आपल्याकडच्या तापमानाला ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहते. सकाळी उपकरण ७५ ऐवजी ६९ दाखवत असेल, तर त्याच्या वाचनात कायम ६ मिळवावेत.

फरक किती असला म्हणजे पुरे?

पोलादी पूल, टाक्या आणि यंत्रे रंगवणारे व्यावसायिक पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी उबदार असावा असा नियम पाळतात. मॉडेलसाठी वापरले जाणारे लॅकर त्या रंगांपेक्षा फार लवकर वाळते आणि म्हणून पृष्ठभागही अधिक गार करते. त्यामुळे चकचकीत लॅकरसाठी मी ६ अंशांच्या खाली समाधान मानत नाही. तीन ते सहा अंशांच्या दरम्यान रिटार्डर (सावकाश उडणारा द्रावक) घालून आणि पातळ हात देऊन काम निभावते. तीन अंशांच्या खाली प्रायमरसुद्धा देऊ नये.

खोलीतील हवा स्प्रेसाठी कशी तयार करावी?

वातानुकूलन यंत्र असेल तर काम सोपे होते, कारण ते हवेतील पाणी काढून नळीवाटे बाहेर टाकते. स्प्रे करण्याआधी एक-दोन तास दारे-खिडक्या बंद ठेवून ते ड्राय मोडवर चालवावे. खोली २२ अंश आणि ५५ टक्के आर्द्रतेवर आली, तर दवबिंदू १२ ते १३ अंशांच्या आसपास उतरतो आणि फरक नऊ अंशांहून अधिक मिळतो. मात्र गार हवेच्या झोताखाली बॉडी ठेवू नये.

यंत्र नसेल तर हवा तापवण्याचा मार्ग उरतो. २४ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेची हवा विजेच्या हीटरने ३० अंशांपर्यंत तापवली, तर तिच्यातील बाष्प तेवढेच राहते आणि दवबिंदूही सुमारे २२ अंशांवरच राहतो, पण आर्द्रता ६३ टक्क्यांच्या आसपास येते. बॉडीही त्याच खोलीत तापली असेल तर दोन अंशांचा फरक आठ अंशांवर जातो. डिह्युमिडिफायर ही दोन्ही कामे एकदम करतो, कारण तो पाणी काढतो आणि चालताना खोली किंचित उबदारही करतो. पावसाळ्यात नियमित काम करणाऱ्याने पैसे खर्चायचे असतील तर महागडा एअरब्रश (दाबलेल्या हवेने रंग फवारणारे छोटे उपकरण) घेण्याआधी या यंत्रावर खर्चावेत.

गॅसची शेगडी पेटवून खोली तापवू नये. स्वयंपाकाचा गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते, त्यामुळे हवा तापते तशी ती ओलीही होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लॅकरची वाफ आणि एरोसोल कॅनमधील वायू अत्यंत ज्वलनशील असतात. विजेचा हीटरसुद्धा स्प्रे सुरू करण्यापूर्वी बंद करून त्याची कॉइल पूर्ण थंड होऊ द्यावी.

एक्झॉस्ट पंखा सुरू केला की बाहेरची दमट हवा आत येते. मग तो बंद ठेवावा का?

पंखा कोणत्याही परिस्थितीत बंद ठेवू नये. अडचण मात्र खरी आहे. मिनिटाला तीन घनमीटर हवा ओढणारा स्प्रे बूथ (एक्झॉस्ट पंखा बसवलेली स्प्रेची पेटी) १० फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच खोलीतील एकूण हवेइतकी हवा जेमतेम दहा मिनिटांत बाहेर टाकतो, आणि तेवढीच हवा फटींतून आत येते. तास-दोन तास खपून कोरडी केलेली खोली त्यामुळे पाहता पाहता पुन्हा दमट होते.

यावर उपाय वेळेच्या आखणीत आहे. रंग गाळून, पातळ करून, कपात भरून तयार ठेवावा. बॉडी स्टँडवर बसवलेली असावी. मग पंखा सुरू करावा आणि लगेच एक हात द्यावा. १/२४ प्रमाणाच्या बॉडीवर एक हात दोन मिनिटांत पूर्ण होतो, म्हणजे तो खोलीतील कोरड्या हवेतच होतो. हात देऊन झाला की बॉडी झाकणाच्या डब्यात ठेवून दुसऱ्या कोरड्या खोलीत न्यावी आणि पंखा वास पूर्ण जाईपर्यंत चालू द्यावा. पुढच्या हातापूर्वी खोली पुन्हा कोरडी करावी लागते, म्हणून पावसाळ्यात दिवसाला दोन-तीन हातांपेक्षा जास्त काम धरू नये.

रंगवण्यापूर्वी बॉडी धुतली होती, तरीही रंगात पाण्याचे थेंब आले. असे का झाले?

साच्यातील तेलकट अंश काढण्यासाठी बॉडी भांड्यांच्या साबणाने धुणे आवश्यकच आहे, पण पावसाळ्यात वरून कोरडी दिसणारी बॉडी कोरडी नसते. दाराच्या आणि डिकीच्या खोल रेषांमध्ये, खिडक्यांच्या चौकटींच्या आतल्या कोपऱ्यांत आणि बंपरच्या मागच्या पोकळीत पाणी तग धरून राहते. एअरब्रशची हवा दाराच्या रेषेवरून जाते तेव्हा त्या रेषेतून मोहरीएवढा थेंब बाहेर येतो, ओल्या रंगावरून एक-दोन मिलिमीटर घसरतो आणि मागे फिकट, खड्डा पडलेली वाट सोडून जातो. हा डाग वाळवून, घासून पुन्हा रंगवण्यावाचून गत्यंतर नसते.

धुतल्यावर सर्व रेषांमधून हवेचा झोत मारावा, बॉडी रात्रभर कोरड्या डब्यात ठेवावी आणि स्प्रेपूर्वी हेअर ड्रायरच्या मंद झोताने, हाताला कोमट लागेल इतपत उबदार करावी. दमट दिवसांत बोटांना घाम येतो आणि त्याचे ठसे प्रायमरखालूनही डोके वर काढतात, म्हणून धुतल्यानंतर बॉडीला हातमोज्यांशिवाय हात लावू नये.

स्प्रे कॅन वापरावा की एअरब्रश?

पावसाळ्यापुरते बोलायचे तर एअरब्रश निःसंशय सरस आहे. कॅनमधून रंगासोबत येणारा द्रवरूप वायू बाहेर पडताक्षणी उकळून उडतो आणि झोत थंड करतो. शिवाय कॅन एका वेळी भरपूर रंग टाकतो, त्यामुळे थर जाड बसतो आणि बराच वेळ गार राहतो. कॅनमधील रंगात आपल्याला रिटार्डरही मिसळता येत नाही.

तामियाच्या टीएस मालिकेतील कॅनसारखे सिंथेटिक लॅकर कॅनच वापरायचे असतील, तर कॅन स्प्रेपूर्वी दहा मिनिटे कोमट पाण्यात उभा ठेवावा. पाणी ४० अंशांपेक्षा गरम नसावे. कॅन कधीही गॅसवर, हीटरजवळ किंवा उकळत्या पाण्यात ठेवू नये, तो फुटू शकतो. कोमट कॅनमधील दाब वाढतो, तुषार बारीक होतात आणि पातळ हात देणे सोपे जाते. कॅन नीट पुसून घ्यावा, नाहीतर त्याच्या बुडावरचे पाणी ठिबकून थेट बॉडीवर येते. २० ते २५ सेंटिमीटर अंतरावरून, हात सतत हलता ठेवून, पृष्ठभाग अर्धवट झाकला जाईल इतकाच पहिला हात द्यावा.

कॉम्प्रेसरमधून एअरब्रशमध्ये पाणी येते. ते कसे थांबवावे?

हवा दाबली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता आकारमानाबरोबर कमी होते. ८५ टक्के आर्द्रतेची हवा एक चतुर्थांश आकारमानात दाबून पुन्हा खोलीच्या तापमानाला आणली, तर तिच्यातील जवळजवळ ७० टक्के बाष्पाचे पाणी होते. हे पाणी कोठे गोळा होते एवढाच प्रश्न असतो. दाबलेली हवा आधी गरम असते. ती गार होते तेथे पाणी सुटते. टाकी नसलेल्या छोट्या कॉम्प्रेसरमध्ये हवा नळीत गार होते आणि पाणी एअरब्रशच्या तोंडाशी येते.

तीन लिटरची का होईना, टाकी असलेला कॉम्प्रेसर घ्यावा, टाकीतील दाब कामाच्या दाबापेक्षा बराच जास्त ठेवावा आणि रेग्युलेटरने तो १५ ते २० पीएसआयपर्यंत खाली आणावा. टाकीत पाणी सुटल्यावर उरलेली हवा प्रसरण पावून बाहेर येते तेव्हा ती खोलीतील हवेपेक्षा कितीतरी कोरडी असते. एअरब्रश पावसाळ्यात सरस ठरण्याचे हेही एक कारण आहे. प्रत्येक बैठकीनंतर टाकीच्या तळाचा बोल्ट उघडून पाणी काढून टाकावे. रेग्युलेटरच्या पाणी पकडणाऱ्या भांड्याखेरीज एअरब्रशच्या अगदी मागे आणखी एक छोटा मॉइश्चर ट्रॅप लावावा. शिवाजी उद्यमनगर या येथील औद्योगिक वसाहतीत हवेच्या जोडण्या, नळ्या आणि फिल्टर यांचे काम रोजचेच असल्यामुळे योग्य मापाची जोडणी मिळवण्यात कोल्हापूरकरांना अडचण येऊ नये; एअरब्रशच्या नळीचे आटे बहुधा १/८ इंची बीएसपी असतात, एवढे सांगितले म्हणजे पुरते.

रिटार्डर म्हणजे नेमके काय आणि तो किती घालावा?

रिटार्डर हा सावकाश उडणारा द्रावक असतो. तो घातल्याने थर एकदम गार होत नाही, हा पहिला फायदा. दुसरा आणि मोठा फायदा असा, की थोडे दव बसलेच तर पाणी आधी उडून जाते आणि रिटार्डर मागे राहतो, रेझिन पुन्हा विरघळवतो आणि थर पुन्हा एकजीव होतो. पातळ केलेल्या रंगाच्या पाच ते दहा टक्के प्रमाण पुरते. त्याहून जास्त घातला तर रंग दिवसेंदिवस मऊ राहतो, कडांपासून मागे सरतो आणि खालच्या प्लॅस्टिकलाही मऊ करतो. मिस्टर कलर या मॉडेल-रंगांच्या ब्रँडच्या लेव्हलिंग थिनरमध्ये रिटार्डर आधीच असतो, त्यामुळे त्यात वेगळा घालताना हात आखडता ठेवावा.

हार्डवेअरच्या दुकानातील एन. सी. थिनर मॉडेलसाठी वापरू नये. त्यातील जोरकस, लवकर उडणारे घटक ब्लशिंग वाढवतात आणि किटचे पॉलिस्टायरीन खातात. उपकरणे धुण्यासाठी तो उत्तम आहे.

पाण्यावर आधारित अॅक्रिलिक रंग वापरले तर हा प्रश्नच उरणार नाही का?

ब्लशिंगचा प्रश्न बराच कमी होतो, पण दुसरा उभा राहतो. पाण्याचे रंग वाळण्यासाठी पाणीच उडावे लागते आणि हवा आधीच पाण्याने भरलेली असली की ते उडत नाही. थर ओला राहतो, ओघळ येतात, धूळ आणि दिव्याभोवतीचे किडे त्यात चिकटतात. एनॅमल रंग हवेतील प्राणवायूशी क्रिया होऊन पक्के होतात आणि कोरड्या दिवसांतही वेळ घेतात. पावसाळ्यात त्यांना आठवडाभर हात लावू नये. बॉडीचा रंग रिटार्डरसह लॅकरमध्ये आणि आतील भागांचे रंग पाण्यावर आधारित, ही विभागणी मला सर्वांत सोयीची वाटते.

रंग पांढरट पडलाच, तर काय करावे?

सर्वप्रथम थांबावे. पांढरटपणा झाकण्यासाठी लगेच दुसरा हात दिला, तर पाणी दोन थरांमध्ये अडकते आणि दुरुस्ती अवघड होते. बॉडी उबदार, कोरड्या जागी ठेवावी. हलका पांढरटपणा थर वाळताना काही वेळा आपोआप निघून जातो. हेअर ड्रायर वापरायचा असल्यास तो द्रावकाचा वास ओसरल्यावर, मंद ठेवून आणि हातभर अंतरावरून वापरावा.

तरीही पडदा राहिला तर लेव्हलिंग थिनर, किंवा साध्या लॅकर थिनरमध्ये थोडा रिटार्डर मिसळून, तो एकटाच एअरब्रशने अतिशय हलक्या तुषारात बॉडीवर द्यावा. हे काम फरक सहा अंशांच्या वर असतानाच करावे. पृष्ठभाग ओलसर चमकला की हात थांबवावा. थिनर वाहू लागेपर्यंत फवारत राहिल्यास कडांवरचा रंग निघून जातो. वरचा थर पुन्हा विरघळतो, पोकळ्या बुजतात आणि मूळ रंग परत येतो. पांढरटपणा केवळ वरवर असेल तर २००० नंबरच्या वॉटर पेपरने घासून आणि कंपाउंड लावूनही तो जातो. डेकल (पाण्यात भिजवून लावायची पातळ चित्रे) लावून त्यावर दिलेला क्लिअर पांढरा पडला असेल, तर मात्र थिनरचा उपाय अत्यंत सावधपणे करावा, कारण थिनर डेकल सुरकुतवतो. अशा वेळी कोरड्या दिवसाची वाट पाहून क्लिअरचेच पातळ, रिटार्डरयुक्त हात देणे अधिक सुरक्षित असते.

वाळवण्यासाठी कोरडा डबा कसा करावा?

घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि भरपूर सिलिका जेल एवढे साहित्य पुरते. नारिंगी रंगाचे, ओल शोषल्यावर हिरवे होणारे जेल घ्यावे; निळ्यापासून गुलाबी होणाऱ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असते आणि ते घरात, विशेषतः मुलांच्या हाताशी, नसलेले बरे. मात्र नुकतीच रंगवलेली बॉडी लगेच घट्ट बंद करू नये, कारण उडालेला द्रावक आत कोंडला की वाळण्याची क्रिया मंदावते. पहिला तासभर झाकण किंचित उघडे ठेवावे.

फळे सुकवण्याचे विजेचे यंत्र याहून प्रभावी ठरते. त्यात ४० ते ४५ अंशांवर काही तास ठेवलेली बॉडी पावसाळ्यातही पक्की होते. त्यापेक्षा अधिक उष्णतेने पातळ खांब आणि छत वाकण्याचा धोका असतो, आणि रेझिनमध्ये ओतून बनवलेले भाग त्याहूनही लवकर वाकतात. रंग पूर्ण वाळला की नाही हे नाकाने ओळखावे. बॉडी नाकाजवळ धरल्यावर द्रावकाचा वास येत असेल, तर बोट लावून कितीही कोरडी वाटली तरी पॉलिश सुरू करू नये.

गाड्यांच्या गॅरेजमध्ये मिळणारा टू-के क्लिअर पावसाळ्यात चालेल का?

माझे उत्तर नाही असे आहे. टू-के म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा दोन घटकांचा क्लिअर. त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेट ही रसायने पाण्याशी क्रिया करून कार्बन डायऑक्साइड सोडतात. दमट हवेत त्यामुळे थरात सूक्ष्म बुडबुडे येतात आणि चकाकी कमी होते. उघडलेल्या डब्यातील हार्डनर हवेतील ओलीनेच गढूळ आणि घट्ट होतो. त्याशिवाय आयसोसायनेटच्या तुषारांमुळे कायमचा दमा जडू शकतो आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढे अत्यल्प प्रमाणही त्रास देते. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मुखवटा नसताना हा क्लिअर घरात मारू नये, मग ऋतू कोणताही असो.

धातूच्या मॉडेलसाठी काही वेगळे करावे लागते का?

होय. जस्ताच्या मिश्रधातूची बॉडी जड असते आणि खोलीबरोबर ती लवकर तापत नाही. सकाळी हवा उबदार व दमट होत असताना धातू मागे राहतो, आणि त्यावर स्प्रेपूर्वीच न दिसणारे दव बसलेले असू शकते. म्हणून धातूची बॉडी ४० अंशांपर्यंत तापवूनच रंगवावी. ती उष्णता बराच वेळ धरून ठेवते, हा पावसाळ्यात फायदाच आहे. उघड्या धातूवर आधी एचिंग प्रायमर (धातूला किंचित खाऊन पकड घेणारा प्रायमर) द्यावा, अन्यथा रंगाची पकड राहत नाही.

कोल्हापुरात स्प्रेसाठी वर्षातील सर्वांत चांगला काळ कोणता?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी अकरा ते दुपारी चार. जानेवारीच्या दुपारी २९ अंश तापमान आणि ३५ टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू १२ अंशांच्या आसपास असतो आणि फरकाची चिंताच उरत नाही. पंचगंगेकाठी पहाटे धुके असते, त्यामुळे भल्या सकाळी घाई करू नये. याच महिन्यांत साखर कारखान्यांचा आणि गुऱ्हाळांचा हंगाम जोरात असतो. फड पेटवला किंवा पाला जाळला की त्याची काळी काजळी दूरवर उडत येते आणि पांढऱ्या किंवा पिवळ्या बॉडीवर तिचा एक कणही हात देऊन केलेले काम वाया घालवतो. खिडकीला बारीक जाळी लावावी आणि गच्चीवर स्प्रे करू नये.

एप्रिल-मेच्या दुपारी उलट अडचण येते. रंग हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. तेव्हाही थोडा रिटार्डर आणि कमी अंतर उपयोगी पडते. वळवाच्या पावसाची चिन्हे असतील त्या संध्याकाळी काम हाती घेऊ नये, कारण तासाभरात तापमान दहा-बारा अंशांनी उतरते आणि दवबिंदू चढतो.

साधा मास्क चालतो का?

चालत नाही. कापडी मास्क किंवा एन-९५ मास्क द्रावकाची वाफ अडवत नाही. ऑरगॅनिक व्हेपर काडतुसे असलेला अर्धमुखी रेस्पिरेटर आणि त्यावर तुषार अडवणारा पूर्वफिल्टर आवश्यक आहे. काडतुसातील सक्रिय कोळसा हवेतील बाष्पही शोषतो, त्यामुळे पावसाळ्यात त्याचे आयुष्य घटते. वापर झाल्यावर रेस्पिरेटर हवाबंद पिशवीत ठेवावा आणि मुखवट्याच्या आत वास जाणवताच काडतुसे बदलावीत.

पूर्ण झालेले मॉडेल पावसाळ्यात कपाटात ठेवताना काय पाहावे?

लॅकर पूर्ण पक्का होण्यापूर्वी मॉडेल बंद काचपेटीत ठेवू नये. उरलेला द्रावक आत कोंडतो, रंग मऊ राहतो आणि बॉडी जेथे टेकलेली असते तेथे ठसा उमटतो. किटमधील मऊ टायरांतून झिरपणारा प्लॅस्टिसायझर रंगवलेल्या पृष्ठभागाला आणि प्लॅस्टिकच्या पट्टीला चिकटतो, म्हणून टायरांखाली काचेचा किंवा धातूचा छोटा तुकडा ठेवावा. पेटीच्या मागच्या कोपऱ्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि ती जून ते सप्टेंबर या काळात दर महिन्याला ओव्हनमध्ये किंवा तव्यावर मंद आचेवर कोरडी करून पुन्हा ठेवावी.